काकांनी रचलेला धबधबा

आमच्या घरमालकांना खोटं बोलता येत नसे. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्यांच्या माडीवर भाड्यानं राहिलेल्या माणसालाच विचारा, काय ताप असतो ते! माझी सासू नागपूरहून पहिल्यांदा आली, तेव्हा जिना चढण्याआधी तिनं खाली अंगणात काकांना सहज विचारलं, "कशी आहे आमची सून?" यावर जगातला कोणताही माणूस "छान आहे हो" म्हणून मोकळा होईल. काका विचारात पडले. मग म्हणाले, "सकाळी उशिरा उठते. रागीट आहे. पण मनानं चांगली आहे." सासूबाई हसत हसतच वर आल्या आणि ते वाक्य आमच्या सगळ्या नातेवाइकांत फिरून आलं. मी काकांशी आठवडाभर बोलले नाही. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

हे घर रायपूरच्या चौबे कॉलोनीत. नवरा रेल्वेत, बदली होऊन आलेलो, आणि घरमालक मराठी निघाले म्हणून मी खूश. मी त्यांना काका म्हणायची, बाकी सारी कॉलोनी सर म्हणायची. सिंचाई विभागातून रिटायर झालेले. अर्धं आयुष्य नद्या आणि कालव्यांच्या मागं फिरण्यात गेलेलं. उन्हातान्हानं रापलेला चेहरा, गळ्यात गमछा, आणि बोलणं असं, की शेजारच्या तीन घरांना रेडिओ लावायची गरज नाही.

तेव्हा राज्य नवंनवं झालं होतं. सरकारी कचेऱ्यांवरच्या पाट्यांचा रंग वाळला नव्हता आणि नव्या राज्यसेवेची परीक्षा मात्र येऊन ठेपली होती. परीक्षेत विचारणार छत्तीसगढबद्दल, आणि बाजारातली पुस्तकं सगळी जुन्या मध्यप्रदेशची! मग पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली, पोरं काकांच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. "सर, शिवनाथ नदी कहाँ जाकर मिलती है?" काका सांगायचे. दुसऱ्या दिवशी आणखी चार पोरं. शेवटी काकांनी समोरच्या खोलीत सतरंजी टाकली, फळा टांगला, आणि क्लास सुरू झाला. क्लास म्हणजे काय, फी दिली तर दिली. खिडकी सताड उघडी आणि आवाज तो तसला, त्यामुळे समोरच्या चहाच्या टपरीवर बसूनही काही पोरं राज्याचा भूगोल शिकली.

मी घरी कॉम्प्युटरवर हिंदी टायपिंगची कामं करायची. काकांनी पुस्तक काढायचं ठरवलं, तेव्हा ते माझ्याच गळ्यात पडलं. त्यांचं अक्षर त्यांना स्वतःला लागत नसे, म्हणून ते माझ्यामागे येरझारा घालत तोंडी सांगायचे आणि मी की-बोर्ड बडवायची. सगळं सुरळीत चालायचं, आणि मग एखाद्या नावाशी येऊन ते थबकायचे.

"थांब. हे मी पाहिलं नाही."

"काका, त्या दुसऱ्या पुस्तकात आहे ना, तिथून उतरवते."

"त्यानं तरी पाहिलं काय?"

झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे गृहस्थ बसस्टँडवर. महानदीचा उगम पाहायला सिहाव्याला गेले, तर तिथल्या पुजाऱ्याशी वाद घालून दोन दिवसांनी परत आले. एका मडईचा, म्हणजे तिकडच्या जत्रेचा, महिना चुकू नये म्हणून ती मडई भरेपर्यंत माझी फाईल तशीच अर्धवट पडून होती. "पाहिल्याबिगर लिहायचं नाही," हा त्यांचा कायदा. मी चिडून म्हणायची, "अहो काका, परीक्षा निघून जाईल!" तर म्हणायचे, "जाऊ दे. दुसरी येते."

शकुंतलाकाकू या सगळ्याला विटल्या होत्या. त्या माझ्याजवळ येऊन बसायच्या आणि म्हणायच्या, "यायनं सारं छत्तीसगढ पाहिलं पोरी, मले काही भिलाईच्या पुढं नेलं नाही." काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. काकूंना पाण्याची फार हौस. तलावाकाठी नुसतं बसायला मिळालं तरी त्यांचा चेहरा खुलायचा. "पुढच्या खेपेले नेतो ना," हे काकांचं ठरलेलं उत्तर होतं, आणि ते बिचारे मनापासूनच म्हणायचे. पण पुढच्या खेपेला यांना दुसऱ्या कुठल्या नदीचा खुलासा करायचा असायचा. पुस्तकाची पहिली आवृत्ती हातात आली आणि त्याच हिवाळ्यात काकू गेल्या. मला त्या फार जवळच्या होत्या.

पुस्तक मात्र चाललं. इतकं चाललं, की चोरांनाही आवडलं. आधी झेरॉक्स निघाल्या. मग एका प्रकाशकाचं जाडजूड गाईड आलं. चाळून पाहिलं, तर आतली पानंच्या पानं आमची! माझ्या टायपिंगच्या दोन चुकासुद्धा जशाच्या तशा. मग मोबाईलचे दिवस आले आणि पीडीएफ सुटल्या. आमचंच पुस्तक स्कॅन करून, काकांच्या नावाचं पहिलं पान फाडून, ग्रुपाग्रुपांवर फिरायला लागलं. एकीवर तर कोण्या भलत्याच सरांचा फोटो, टाय लावलेला! एकदा पानठेल्याशी एका पोरानं काकांना ओळखलं, भररस्त्यात वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, आपका पीडीएफ बहुत बढ़िया है। मैंने दस लोगों को भेजा है।" काकांनी त्याला आशीर्वाद दिला. घरी येऊन मला विचारलं, "पोरी, मी त्याले रागवायले पाहिजे होतं काय?"

हळूहळू त्यांना ते लागायला लागलं. पैशाचं त्यांना काही नव्हतं. पण आपण पायपीट करून पाहिलेलं सगळं दुसऱ्याच्या नावावर, किंवा कोणाच्याच नावावर नाही, हे त्यांना सहन होईना. जेवताना मध्येच म्हणायचे, "अरे, नाव तरी ठेवायचं होतं." तेवढंच.

समता कॉलोनीत त्यांचे एक वकीलमित्र होते, सकाळी सोबत फिरायला जायचे. त्यांनी सांगितलं, "नदीचा उगम काही तुमच्या मालकीचा नाही. चोर म्हणेल, मीही पाहून आलो, मीही लिहिलं. तुमच्याच पुस्तकातून उचललं, हे सिद्ध कसं करणार? एक करा. नव्या आवृत्तीत एक गोष्ट खोटी घाला. जगात नाहीच अशी. ती त्याच्या गाईडात निघाली, की मानगूट धरा."

आता पाहा गंमत! ज्या माणसाला माझ्या सासूसमोर दोन शब्द खोटे बोलता येईनात, त्याला छापील खोटं रचायचं होतं. महिनाभर माझा नुसता छळ चालला होता. "लोकनृत्य घालू काय? ... नको. त्या लोकायले काय वाटंल, आमच्या नावावर हे कोणतं नाचणं लावलं म्हणून." दुसऱ्या दिवशी, "नदी घालतो छोटीशी." मग स्वतःच, "पण ते कुठीतरी मिळवा लागते ना. मिळवली तर त्या दुसऱ्या नदीचंही खोटं होते." मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "काका, तुमच्याच्यानं होत नाही. राहू द्या."

शेवटी एका सकाळी वर आले. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "लिही. जशपूरकडच्या डोंगरात एक छोटा धबधबा. शकुनधारा."

माझे हात की-बोर्डवरच थांबले. काकूंना ते शकुन म्हणायचे.

"पुढं लिही. बारमाही नाही. उन्हाळ्यात आटते."

"खोट्या धबधब्याला उन्हाळा कशाला, काका?"

"अगं, चुकूनमाकून कोणी पाहायले निघालं तर? उन्हाळ्यात तरी नाही जाणार."

मी हसले नाही. मान खाली घालून टाईप केलं. जन्मात त्यांनी काकूंना कुठं नेलं नव्हतं, आणि आता अख्खा धबधबा देऊन टाकला होता. खोटा का होईना.

जाळ्यात चोर सापडायला वेळ लागला नाही. पुढच्याच वर्षीच्या गाईडात शकुनधारा हजर! नुसती हजर नाही, तर तिची उंचीही आली. मग मोबाईलवरच्या पीडीएफमध्ये आली, सहलीला योग्य म्हणून. कोणी तर दुसऱ्याच धबधब्याचा फोटो लावून दिला. वकीलसाहेब आनंदानं हात चोळत होते. काका मात्र भडकलेले. "उन्हाळ्यात आटते हे काहून गाळलं यायनं? एवढं बजावून लिहिलं होतं!"

गाईडवाल्या प्रकाशकाला नोटीस गेली, कोर्टाची तारीख पडली. वकीलसाहेबांनी काकांना दम भरला, "सर, तारखेपर्यंत तोंडाला कुलूप. ती खोटी आहे हे कोणालाही सांगायचं नाही. आधी त्याला कोर्टात म्हणू दे, शकुनधारा मीही पाहून आलो. आत्ताच गाजावाजा केलात, तर ते दुरुस्त करून मोकळे होतील आणि वर म्हणतील, हाच माणूस पोरांना खोटं शिकवतो. केस गेली समजा." काका हो म्हणाले. आता आपलं नाव आपल्या पुस्तकाला परत मिळणार, म्हणून इतके खुशीत होते, की क्लासमध्ये पोरांना फरसाण वाटलं.

आणि नेमकी त्याच दिवसांत ती पोरगी आली.

बाप शहराबाहेरच्या उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर. घर आमच्यासारखंच विदर्भाकडचं, मराठी सगळी समजायची, पण बोलायची हिंदीत. कुठलाही क्लास लावलेला नाही, सगळा अभ्यास मोबाईलवर, आणि पठ्ठी थेट मुलाखतीपर्यंत पोचलेली! पुढच्या आठवड्यात मुलाखत. चौबे कॉलोनीतले मराठी सर सराव करून घेतात, असं कोणीतरी सांगितलं म्हणून आली होती. धुतलेली, ताठ इस्त्री केलेली सलवार-कमीज, आणि घाबरून हात मांडीखाली दाबून बसलेली. मी चहा घेऊन गेले आणि तिथंच टेकले.

काकांनी इकडचं तिकडचं विचारलं. पोरगी हुशार. मग म्हणाले, "समज, तुले पर्यटन विभागात टाकलं. राज्यातली कोणती जागा पुढं आणशीन?"

तिचा चेहरा फुलला. हा प्रश्न तिनं खास तयार केला होता. "सर, सब लोग चित्रकोट का झरना बोलेंगे, तीरथगढ़ बोलेंगे। मैं शकुनधारा बोलूँगी।" आणि सुरू झाली. रस्ता कसा करायचा, गावातल्या बायांचे बचतगट, त्यांच्या हातचं जेवण, पावसाळ्यानंतर यात्रा. सगळं पाठ नव्हतं, मनापासून विचार केलेलं होतं. अशी बोलत होती, जणू तिथं जाऊन बसून आली आहे.

माझा चहाचा कप हातातच राहिला. काकांकडे पाहायची हिंमत होईना.

"दुसरी कोणती जागा सांग," काका म्हणाले.

"क्यों सर? इसमें क्या गलत है?"

"गलत नाही. पण दुसरी सांग."

"सर, यही मेरा सबसे अच्छा उत्तर है। बाकी तो सब बोलेंगे।"

काका उठून आत गेले. बराच वेळ आले नाहीत. मी आत जाऊन पाहिलं, तर काकूंच्या फोटोसमोर नुसते उभे. मी हळूच म्हटलं, "काका, तिला फक्त सांगा, दुसरं तयार कर. कारण कशाला सांगता? तारीख आठ दिवसांवर आहे."

"आणि बाकीचे? मोबाईलवर वाचून राहिले ते?" मला ढकलूनच ते बाहेर आले. खुर्चीत बसले नाहीत. पोरीसमोर उभे राहून म्हणाले, "बेटा, तो धबधबा नाही. कुठीच नाही. मी मनानं बनवला."

पोरीला काही कळेना. "आपने? पर ये तो पीडीएफ में है।"

"ते पुस्तक माझं आहे. माझ्या नावाचं पान फाडलं त्यायनं. चोर पकडायसाठी मीच ते खोटं घातलं होतं."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, चिडेल, रडेल. तिनं पर्समधून मोबाईल काढला, ती पीडीएफ उघडली, आणि पानांवरून बोट फिरवत अगदी बारीक आवाजात विचारलं, "तो सर... बाकी सब?"

अरे देवा! काकांना कोणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. गेली कितीतरी वर्षं बसनं, पायी, तापात, उन्हात जाऊन एकेक गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली, आणि एक पोरगी विचारते, बाकी तरी खरं आहे का? माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. काका मटकन खाली सतरंजीवरच बसले, तिच्या शेजारी.

"आण तो मोबाईल," ते म्हणाले. "पहिल्या पानापासून घेऊ. कोणतं मी कसं पाहिलं, सारं सांगतो. तुले पटलं तर ठेव, नाही पटलं तर सोड."

आणि ते चोरीचंच पुस्तक समोर धरून त्यांनी तिला शिकवायला घेतलं. ती रोज यायची. तो पुजारी, ती मडई, बस बंद पडली म्हणून ज्यांच्या घरी राहिले ते लोक, सगळं निघालं. मध्येच ती म्हणायची, "ये किताब में क्यों नहीं लिखा सर?" काका म्हणायचे, "परीक्षेत विचारत नाही ना." मुलाखतीला ती बापाच्या मिलजवळच्या एका जुन्या तलावाबद्दल बोलली. लहानपणी त्यात पोहलेली होती म्हणे. यादीत तिचं नाव बरंच खाली होतं, पण होतं. पेढे घेऊन आली, तेव्हा काकांनी दोन खाल्ले आणि साखर जास्त आहे म्हणून सांगितलंच.

पण त्याआधीची गोष्ट राहिली. ज्या दिवशी ती पहिल्यांदा येऊन गेली, त्याच संध्याकाळी काका जिना चढून वर आले. "टाईप कर." मी समजावलं. माझ्या नवऱ्यानं समजावलं. वकीलसाहेब फोनवर अक्षरशः ओरडत होते. काका शांतपणे म्हणाले, "वकीलसाहेब, जाळं चोरासाठी टाकलं होतं. पोट्टी अडकली. आता काय करू?" आणि फोन ठेवून दिला.

त्यांनी हिंदीत सांगितलं, मी टाईप केलं. शकुनधारा नावाचा धबधबा कुठेही नाही, तो मी जाणूनबुजून लिहिला, ज्यांनी वाचला त्यांची माफी मागतो. बाकी जे लिहिलं ते पाहून लिहिलं आहे. शंका आली तर विचारा. खाली आपलं नाव आणि मोबाईल नंबर. ज्या फाईलमध्ये ती ओळ होती, तिच्यातून मला ती खोडायला लावली. खोडताना माझ्या मागे उभे होते. "काढ ना," म्हणाले, "थांबली काहून?" मग ते दुरुस्त केलेलं अख्खं पुस्तक, माफीच्या पानासकट, सगळ्या ग्रुपांवर फुकट सोडायला लावलं. ज्या रस्त्यांनी खोटं गेलं, त्याच रस्त्यांनी खरं जाऊ दे म्हणाले.

केस गेली. वकीलसाहेब म्हणाले होते तसंच झालं. गाईडवाल्यानं पुढच्या आवृत्तीत गुपचूप ती ओळ गाळली आणि वर काकांचीच टिंगल केली. क्लासही ओसरला, कारण आता पुस्तक सगळ्यांच्या खिशात होतं. मला फार राग आला होता. काकांवर, चोरांवर, सगळ्या जगावर.

आणि मग फोन सुरू झाले. आधी दोन-चार शिव्यांचे. काका तेही पूर्ण ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "हव, बरोबर आहे तुझं." मग इतर यायला लागले. कोरब्याहून, कांकेरहून, नाव न ऐकलेल्या गावांहून. "सर, अमुक पानावरचं बरोबर आहे का?" "सर, तो मेळा तुम्ही स्वतः पाहिला?" काका अंगणात फेऱ्या मारत, आपल्या त्या रेडिओछाप आवाजात, एकेकाला सगळं सांगत बसायचे. इतकी वर्षं बिननावाचं पुस्तक वाचणाऱ्या पोरांना आता नाव कळलं होतं. फोन उचलला की पलीकडून त्यांच्या नावासकट "सर" म्हणायचे. कोर्टानं काय दिलं असतं याहून वेगळं? जेवण गार व्हायचं, मी वरून ओरडायची, आणि काका हातानंच थांब म्हणायचे. इतके आनंदी मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दोन पावसाळे असेच गेले. मग काका आजारी पडले आणि फार त्रास न काढता गेले. नागपूरहून पुतण्या आला, त्यानं आवराआवर केली, खालच्या घराला कुलूप लावलं. काकांचा मोबाईल तेवढा माझ्या हातात दिला. "हे सारखं वाजून राहते, तुम्हीच ठेवा."

मी ठेवला. वाजला की उचलायची आणि सांगायची, सर नाही राहिले. पलीकडचे माफ करा म्हणून ठेवून द्यायचे. प्रत्येक वेळी तेच वाक्य बोलावं लागायचं. शेवटी ठरवलं, आता सिम काढून टाकायचं.

काढणारच होते, तर वाजला. एका मुलीचा आवाज, मागे कोंबड्या ओरडत होत्या. सर हैं? म्हटलं, नाही बेटा, सर गेले. मी त्यांची कोणी नाही, वरच्या माडीवर राहते, त्यांचं पुस्तक टाईप करायची.

मला वाटलं, आता ती फोन ठेवेल.

"दीदी," ती म्हणाली, "तो आपने पूरी किताब अपने हाथ से लिखी है ना? हमारे यहाँ पूछने के लिए और कोई नहीं है।"

मी डोळे पुसले आणि खुर्ची ओढून बसले.

"पूछ," म्हटलं.